दामिनीच्या पट्ट्याची बोलणी

दामिनीनं मला एकच अट घातली. "लिहा काकू," ती म्हणाली, "पण मामा वाईट नव्हता, हे सगळ्यात आधी लिहा. मागून लिहाल तं लोकं तिथपर्यंत वाचतच नाहीत."

म्हणून आधी तेच लिहिते. गोपीचंद वाईट माणूस नव्हता. पवनीच्या आमच्या कोष्टी मोहल्ल्यात कोणाच्याही अडचणीला धावून जाणारा त्याच्यासारखा दुसरा मी पाहिला नाही. मागावर बसला की विणकर आणि मागावरून उठला की लग्नं जमवणारा. मोहाडी, आंधळगाव, उमरेडपर्यंत कोणत्या घरी मुलगी लग्नाची आहे आणि कोणत्या घरचा मुलगा आयटीआय करून बसला आहे, हे त्याला तोंडपाठ असायचं. या कामाचा पैसा त्यानं कधी घेतला नाही. लग्नात मानाची टोपी मिळायची, तेवढी घ्यायचा. त्या टोप्या त्याच्या घरी खुंटीवर एकावर एक चढवलेल्या असायच्या, आणि कोणी पाहुणा आला की तो त्यांच्याकडे न बघता, पण पाहुण्याला दिसतील असा बसायचा.

बोलणी करायची त्याची एक ठरलेली रीत होती. पहिल्या बैठकीत होकार द्यायचा नाही. सगळं पटलेलं असलं, दोन्ही घरच्या बायका आतल्या आत खूश असल्या, तरी उठताना म्हणायचं, "घरी विचारून कळवतो." मग गप्प बसायचं. समोरचे दुसऱ्यांदा दारी आले पाहिजेत. "एकदा येतेत ते पाहाले येतेत," तो म्हणायचा, "पोरगी मागाले दुसऱ्यांदा येतेत." फोनचंही तसंच. पहिला फोन चौकशीचा, दुसरा रीतीचा, तिसरा गरजेचा. उचलायचा तो तिसरा. या रीतीनं त्यानं साठाच्या वर लग्नं जमवली, आणि त्यातलं एकही मोडलं नाही. रीत खोटी नव्हती. ती ज्यांच्याशी चालायची त्यांनाही तीच रीत ठाऊक होती, एवढंच.

दामिनी त्याची भाची. त्याची बहीण कुसुमताई आमच्या शेजारी राहते, मधे फक्त एक भिंत, आणि तिच्या पलीकडे त्याचं घर. दामिनी सातवीत असताना तिचे वडील खेमराज काविळीनं गेले. तेव्हापासून त्या घरात शेवटचा शब्द मामाचा. शब्द त्याचा, तशी जबाबदारीही त्याचीच. शाळेची फी, सायकल, दिवाळीचे कपडे, काहीही चुकलं नाही.

पोरगी लहानपणापासूनच आडव्या हाडाची. दहावीत गेली तेव्हा दारात उभी राहिली की दार भरून जायचं. मोहल्ल्यातल्या बायकांना तेवढंच निमित्त. पाण्याच्या नळावर कोणीतरी म्हणायचं, "कुसुमताई, पोट्टीले पीठ चारतेस का गिरणीच चारतेस?" कुसुमताई हसायची आणि घरी येऊन दामिनीच्या ताटातली एक पोळी कमी करायची. दामिनी भिंतीवरून माझ्याकडे वाटी पुढं करायची, "काकू, भाजी आहे का जराशी?" म्हणत.

भंडाऱ्याच्या कॉलेजात गेली तेव्हा ती गोळाफेक करायची. तिथे आनंदराव सर बॉक्सिंग शिकवत. त्यांच्याकडे मुलींच्या सगळ्या वजनांत कोणी ना कोणी होती, फक्त सगळ्यात वरचा, एक्क्याऐंशी किलोच्या पुढचा गट रिकामा होता. त्यांनी दामिनीला मैदानावर पाहिलं आणि वजन विचारलं. ती लाजली. जन्मभर जो आकडा लपवायचा तो कोणी आनंदानं विचारत आहे, हे तिला कळेचना. चौऱ्याऐंशी म्हटल्यावर सर म्हणाले, "बस, यातला एक किलोही कमी करू नको."

त्या दिवशी घरी येऊन ती दोन ताटं जेवली आणि कुसुमताईनं तिला काहीच म्हटलं नाही. सरांनी लिहून दिलं होतं.

मामाबद्दल सगळ्यांना वाटलं होतं की तो नाही म्हणेल. पण त्यानं मागाच्या धाग्यानं तीन पदरी शिवून बारदाण्याचं एक पोतं तयार केलं, त्यात वैनगंगेची वाळू आणि धानाचा कोंडा भरला आणि कुसुमताईच्या अंगणातल्या कडुनिंबाला टांगून दिलं. रोज पहाटे धप्प धप्प आवाज यायचा आणि त्यामागे मागाची खटखट. आमचं घर त्या दोन आवाजांनी जागं व्हायचं. आठवड्यातून एकदा दामिनी चौकातल्या धानाच्या दुकानात जाऊन काट्यावर उभी राहायची. दुकानदार धानाच्या पोत्यासारखाच आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि ती मान खाली न घालता ऐकून घ्यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता खरी गंमत सांगते. गंमत म्हणायचं, पण ती दामिनीच्या जिवाला लागलेली होती. तिनं सात सुवर्णपदकं मिळवली. त्यातली पाच तिला कोणाशीही न लढता मिळाली. एवढ्या वजनाची दुसरी मुलगी आसपास नसायचीच. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यामुळे तिरोड्याकडची एक मुलगी दोनदा समोर आली, दोन्ही वेळा पहिल्याच राउंडला बसली, मग तिचंही लग्न झालं. मग काय व्हायचं, तर दामिनी पूर्ण तयारीनं रिंगमध्ये जायची, ग्लोव्हज बांधलेले, दातात रबर धरलेलं. समोरचा कोपरा रिकामा. घंटा वाजायची, पंच तिचा हात वर करायचे, लोक टाळ्या वाजवायचे. ती खाली उतरायची. अंगाला घामसुद्धा नसायचा.

मोहल्ल्यात हे कळलं तेव्हा थट्टेला नवा विषय मिळाला, की समोरच्या पोरी पळून जातात. "दामिनीले पाहूनच पयतेत सगळ्या." ती हसायची. पण एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली होती, "काकू, एकडाव तरी कोणी समोर उभी राहून मले मारलं पाहिजे. मंग जे होईल ते होईल."

दुसरीकडे तिच्या लग्नाचंही चाललंच होतं. मामानं नऊ स्थळं आणली. नऊ वेळा पोहे झाले, नऊ वेळा दामिनी डोक्यावर पदर घेऊन ट्रे घेऊन बाहेर आली. नवांनीही उठताना तेच म्हटलं जे गोपीचंद स्वतः आयुष्यभर म्हणत आला होता, घरी विचारून कळवतो. त्यांतलं कोणी दुसऱ्यांदा आलं नाही. साठ पोरींची लग्नं जमवणाऱ्याला आपल्या भाचीचं जमवता येत नाही, हे त्याला किती लागलं असेल. तो बोलून दाखवत नव्हता. फक्त कुठल्याही घराच्या बैठकीत आता तो थोडा जास्तच ताठ बसायचा.

अशात २०१६ च्या डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी नागपूरहून एक पांढरी गाडी आमच्या मोहल्ल्यात आली.

गाडीतून उतरला तो नीलेश. तिशीचा असेल. नागपुरात तो तिकीट लावून बॉक्सिंगचे सामने भरवायचा. बायकांच्या सगळ्यात वरच्या वजनाचा मध्य भारताचा पट्टा त्याला फेब्रुवारीत लढवायचा होता. पट्टा म्हणजे कमरेला बांधायचा, पितळी बिल्ला लावलेला रुंद पट्टा. जी जिंकेल तिचा. रायपूरची एक मुलगी तयार होती. तिच्यासमोर उभी राहील अशी दुसरी त्याला मिळत नव्हती. आनंदराव सरांनी दामिनीचं नाव सांगितलं आणि वरून हेही सांगितलं की आधी घरच्यांशी बोला, मुलीचं घर आहे. सरांचा हेतू चांगलाच होता.

घरी पाहुणे येणार म्हटल्यावर कुसुमताईला दुसरी काही तऱ्हा माहीतच नव्हती. तिनं पोहे केले. दामिनीला नवा सलवार-कुडता घालायला लावला, ओढणी डोक्यावर घ्यायला लावली आणि हातात ट्रे दिला. मला तिनं मदतीला बोलावलं होतं, म्हणून मी आतल्या दारापाशीच होते.

दामिनी ट्रे घेऊन आली तसा नीलेश उठून उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही कायले आणता मॅडम, ठेवा ते, हात मोकळे करा." मग त्यानं खिशातून शिंप्याचा टेप काढला आणि तिला दोन्ही हात बाजूला पसरायला सांगितले. या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत त्यानं मोजलं, आकडा पाहिला आणि म्हणाला, "वा."

नऊ बैठकांनंतर तिच्याकडे बघून वा म्हणणारा हा पहिला माणूस. कुसुमताईनं माझा हात धरला. पण गोपीचंदच्या कपाळाला आठी पडली होती. चार माणसांदेखत पोरीला मोजणं त्याला रुचलं नव्हतं.

मग बोलणी सुरू झाली. गोपीचंदनं एकेक मुद्दा काढला. जाहिरातीच्या फळ्यावर पहिलं नाव दामिनीचं पाहिजे. नीलेश म्हणाला, हो. पोरगी अर्ध्या चड्डीत उतरणार नाही, आत पूर्ण पाय झाकलेले पाहिजेत. त्यालाही हो. सोबत तिची आई आणि मोहल्ल्यातल्या दोन बायका येतील, त्यांची राहायची सोय. हो. शेवटी गोपीचंद म्हणाला की सामना पवनीलाच झाला पाहिजे, फार तर भंडाऱ्याला. कार्य मुलीकडे होतं, तुमच्या दारी नाही. नीलेश जरा गोंधळला. त्यानं समजावलं की हॉल नागपुरात ठरला आहे, तिकिटं तिथेच विकली जातात. पण पवनीहून एक बस भरून माणसं आणायची तर बस मी देतो. यावर गोपीचंद काही बोलला नाही, म्हणजे त्याला पटलं होतं. मला त्याचा चेहरा कळतो.

नीलेशनं कागद पुढं केला, त्यावर पेन ठेवलं. "मग काका, करता सही?"

खोलीत घरचे सगळे होते. विचारायला बाहेर कोणी राहिलंच नव्हतं. गोपीचंदनं पेन हळूच बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "घरी विचारून कळवतो."

नीलेशनं दामिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तो म्हणाला, दहा जानेवारीपर्यंत कळवा, मला पोस्टर छापायची आहेत. पोहे खाऊन, कुसुमताईच्या पाया पडून तो गेला. वागायला चांगला होता. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे लिहायला काही नाही.

गाडी मोहल्ल्याबाहेर गेली तसा गोपीचंद खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, "जमलं. आता येतीन पाहा. दुसऱ्यांदा येतीन." मी त्या वेळी समजले की तो सामन्याची नाही, दुसऱ्या फेरीचीच गोष्ट करतो आहे. दामिनीसाठी या दारी कोणीतरी एकदा परत यावं, सगळ्या मोहल्ल्यानं ते पाहावं, त्याला एवढंच पाहिजे होतं.

कागद इंग्रजीत होता. संध्याकाळी तो घेऊन तो माझ्याकडे आला. "वहिनी, वाचून सांगा जराशे." मी दोन्ही पानं वाचली, मराठीत सांगितली. दहा तारखेपर्यंत होकार आला नाही तर आयोजक दुसरी खेळाडू घेईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ती ओळ बोट ठेवून दाखवली. तो हसला. म्हणाला, "असं तं सगळेच म्हणतेत वहिनी. आमच्याकडं दुसरी पोरगी पाहून ठेवली आहे म्हणतेत, आन् आठ दिवसांनी सुपारी घेऊन येतेत." शिवाय लवकरच पौष लागणार होता. पौषात कोणी बोलणी पक्की करतं का? नागपूरचा झाला म्हणून काय झालं, त्याच्याही घरी आई असेल, असं त्याचं म्हणणं.

दामिनीनं त्या पंधरा दिवसांत जी मेहनत केली तशी मी तिला कधी करताना पाहिलं नाही. पहाटे पोतं, सकाळी किल्ल्याच्या खंदकाकडेनं धावणं, दुपारी दोराच्या उड्या. रायपूरच्या मुलीचा एक जुना सामना तिला मोबाइलवर मिळाला होता, तो ती भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा पाहायची. मला दाखवायची आणि म्हणायची, "आता पाहा काकू, आता पाहा." मला दोन मुली एकमेकींना मारताना दिसायच्या, तिला आणखी काहीतरी दिसायचं. तोंडावर वेगळंच तेज आलं होतं. धानाच्या काट्यावरही रोज जायला लागली होती.

पाच तारखेला नीलेशचा गोपीचंदला फोन आला. त्यानं फोन हातात घेऊन वाजू दिला. पहिला, चौकशीचा. आठ तारखेला पुन्हा वाजला, तोही त्यानं उचलला नाही. दुसरा, रीतीचा. मी त्याच दिवशी त्याला म्हटलं की भाऊ, परवा दहा तारीख आहे, आपणच करा ना एक फोन. तो मला समजावत म्हणाला, "वहिनी, आपण का पोरगी टाकून राहिलो का? तिसरा येऊ द्या."

मी शिकलेली. कागद मीच वाचला होता. नीलेशचा नंबर त्याच्या खाली छापलेला होता आणि माझ्या घरी फोन होता. पण दुसऱ्याच्या घरच्या बोलणीत तोंड घालू नये, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि ते कॉलेजात पुसलं गेलं नव्हतं. मी गप्प बसले.

तिसरा फोन आला, पण गोपीचंदला नाही. त्यात नेमकं काय झालं ते मला खूप पुढे कळलं, तरी सांगते इथेच, कारण घडलं ते इथेच.

दहा तारखेला दुपारी दामिनीचा मोबाइल वाजला. ती अंगणात पोत्याखाली उभी होती, हातावरच्या पट्ट्या सोडत. पाच पावलांवर मामा सावलीत बसून रीळ भरत होता. नीलेश म्हणाला, मामा फोन उचलत नाहीत, आज शेवटचा दिवस आहे. ती म्हणाली, मामाले विचारा ना. तो म्हणाला, "मामाचं राहू दे. लढायचं तुला आहे. तू सांग, हो का नाही? एक शब्द सांग, कागद मी मागून घेतो."

दामिनी मला म्हणाली, काकू, हो माझ्या दातापर्यंत आला होता. पण समोर मामा बसलेला. ज्या घरात स्वतःच्या लग्नाला पोरीनं हो म्हणायचं नसतं, मान खाली घातली की तोच हो समजायचा असतो, त्या घरात वाढलेली पोरगी फोनवर परक्या माणसाला एकदम हो कसं म्हणेल? तिनं मान खाली घातली. फोनवर मान दिसत नाही. पलीकडून तो हॅलो, हॅलो म्हणत राहिला. शेवटी ती म्हणाली, "मामाच सांगतीन," आणि फोन ठेवला. मामानं रीळ न थांबवता विचारलं, कोण होतं? ती म्हणाली, मैत्रीण.

मग तिनं पट्ट्या परत हाताला बांधल्या आणि अंधार पडेपर्यंत पोत्याला मारत राहिली. तो आवाज मला आठवतो. मला वाटलं होतं, तयारी जोरात आहे.

संक्रांत झाली. मोहल्ल्यात तिळगूळ वाटून झाला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी आनंदराव सरांचा दामिनीला फोन आला, काहून नाही म्हणालात म्हणून. पोस्टर छापून झाली होती. रायपूरच्या मुलीसमोर अमरावतीच्या एका मुलीचं नाव होतं. अमरावतीची मुलगी वजनात बसत नव्हती, तिला खाऊ घालून बसवणार होते.

गोपीचंदनं पोस्टर मोबाइलवर पाहिलं, मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं. मग घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा तो बाहेर पडला. धुवट धोतर, खुंटीवरच्या टोप्यांतली सगळ्यात वरची टोपी, आणि काखेत कागदात गुंडाळलेला रेशमी काठाचा दुपट्टा, स्वतः विणलेला. पहिल्या बसनं तो नागपूरला गेला. आयुष्यात थांबलेल्या बोलणीसाठी दुसऱ्याच्या दारी तो पहिल्यांदाच आपण होऊन गेला असेल.

चार वाजता परत आला. मी आमच्या पुढच्या ओट्यावर तूर निवडत होते. दुपट्टा त्याच्या काखेत तसाच होता, कागदाची गाठही सुटलेली नव्हती. नीलेशनं त्याला चहा पाजला होता, काका म्हणून आदरानं बोलला होता, आणि उशीर झाला म्हणून हात जोडले होते. दुपट्टा घ्यायला मात्र तो तयार झाला नाही. म्हणाला, कायच्या तोंडानं घेऊ?

दामिनी पायरीवर बसली होती. गोपीचंद तिच्यापुढे उभा राहिला. टोपी काढून हातात घेतलेली, केस घामानं चिकटलेले. एका दिवसात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. तो म्हणाला, "नीलेश म्हणते, त्यानं तुले फोन केलता. खरं का?"

"हाव."

"तू हो नाही म्हणली म्हणते."

दामिनीनं वर पाहिलं. त्याच्या तोंडाकडे, मग हातातल्या टोपीकडे, मग काखेतल्या दुपट्ट्याकडे. एवढा वेळ लागला तिला, की मी सूप खाली ठेवलं.

"हाव मामा," ती म्हणाली. "मीच नाही म्हणली. भेव लागला मले."

गोपीचंदच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, ते मी ओट्यावरून पाहिलं. "मले सांगाचं तं होतं वं," तो हळू म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घातली.

बारा फेब्रुवारीला सामना झाला. अमरावतीची मुलगी दुसऱ्या राउंडला बसली, उठलीच नाही. दामिनीनं तो पाहिला नाही. त्या दिवशी मोहल्ल्यात एका लग्नाची हळद होती, ती तिथे जाऊन जातं धुणं, पाट लावणं, सगळं करत होती. पोतं तिनं मार्चमध्ये उतरवलं. वाळू कुसुमताईनं माठाखाली टाकली.

पुढची पाच-सहा वर्षं आमच्या मोहल्ल्यात एकच गोष्ट चालली. दामिनी भेली, घाबरली. गोपीचंदनंच ती पसरवली, वाईट हेतूनं नाही. कोणी विषय काढला की तो म्हणायचा, आपण तं जमवलंच होतं, पोट्टीच भेली. त्यात त्याला दिलासा होता. त्यानंतरही त्यानं तीन-चार लग्नं जमवली, त्याच रीतीनं. दामिनीला तो कधी टोचून बोलला नाही, उलट त्यानं तिला जास्तच जपलं. "भेते तं भेते, पोरीची जात आहे," म्हणायचा. ती ऐकायची. एवढी आडव्या अंगाची पोरगी, पोत्याला फोडून टाकणारी, चौकातून निघाली की पोट्टे मागून म्हणायचे, घंटा वाजली, पया. ती होमगार्डमध्ये लागली. जत्रेत बायकांची रांग सांभाळायची. वर्दी तिच्या मापाची मिळाली नाही, शिवून घ्यावी लागली.

लग्न झालं नाही. दहावं स्थळ मामानं आणलंच नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत गोपीचंद गेला. फुप्फुसाचा आजार होता. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर माणसं मावत नव्हती. ज्यांची लग्नं जमवली त्या पोरी आपापल्या पोरांना घेऊन आल्या होत्या. माणसं त्याच्या आठवणी काढत बसली होती. एक म्हातारा सोयरा म्हणाला की गोपीचंदच्या हातची एकही बोलणी फिसकटली नाही. दुसरा दामिनीकडे पाहून म्हणाला, "एकच. आन् ते बी या बाईच्या भेवानं." माणसं हळूच हसली. दुःखाच्या जागी असंच हसू येतं. दामिनीही हसली.

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो होतो. तिथे तिनं मला दहा तारखेच्या त्या फोनवर खरं काय झालं ते सांगितलं. मी विचारलं की मग एवढी वर्षं हे डोक्यावर कायले घेऊन फिरलीस? ती म्हणाली, "त्या दिवशी मामा तसा उभा होता ना काकू, टोपी हातात घेऊन. त्याच्या हातून गेलं म्हणलं असतं तं त्यानं ती टोपी डोक्यावर परत ठेवली नसती. पुढची लग्नं कोणी जमवली असती?"

मग म्हणाली, "आन् खोटं तरी काय बोलली मी? हो तं मीबी नाहीच म्हणली."

माझ्याकडेही त्या हिशेबात एक गप्प बसणं होतंच.

मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ती रायपूरवाली अजून खेळते का? दामिनीनं पर्समधून मोबाइल काढला. फोन दोनदा बदलला असेल, पण तो जुना सामना तिनं या फोनवरही आणून ठेवला होता. सोडलं दोन वर्षांआधी, ती म्हणाली, लेकरू झालं तिले. तरी तिनं तो सामना सुरू केला आणि एका जागी बोटानं थांबवला.

"पाहा," ती म्हणाली. "उजवा मारायच्या आधी हिचा डावा हात खाली येते. दर खेपेस येते. आता पाहा, इथं."

या वेळी मला दिसलं. एवढंसं, डोळ्याची पापणी लवेल तेवढंच, त्या मुलीचा डावा हात हनुवटीवरून खाली येत होता आणि गालाची एक बाजू उघडी पडत होती.

दामिनी उठली. मोबाइल तिनं माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि घाटाखालच्या ओल्या वाळूवर एक पाय पुढं टाकून उभी राहिली. दोन्ही मुठी तोंडापाशी आल्या. डावा पाय अर्धं पाऊल सरकला, कंबर वळली, उजवा हात निघाला. वर पायऱ्यांवर दोन बायका भांडी घासत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या.

हात अर्ध्यातच थांबला. तिनं तो खाली घेतला, वाळू लागलेली चप्पल पाण्यात बुडवून धुतली आणि म्हणाली, "चला काकू. आई वाट पाहत असंल."